धाकटीचा कान

माझी धाकटी बहीण एकवीस वर्षं लोकांना स्वयंपाकघरातली यंत्रं शिकवत होती. दुकानात सगळे तिला 'डेमोवाल्या ताई' म्हणत. घरी मी तिला धाकटीच म्हणतो. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोंदींच्या खोलीत गेली. तिथे माणसं कमी आणि फायली जास्त, आणि ते मला मानवलं. लग्न मी केलं नाही. तिचं झालं होतं, पण चार वर्षांत ती एकटी परत आली, तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात आहोत. तिच्याबद्दल लिहायला दुसरं कुणी चांगलं माणूस मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण तिला इतक्या जवळून पाहिलेलं दुसरं कुणी नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलं की बाकीचे विक्रेते लगेच यंत्राची दारं उघडून दाखवू लागत. धाकटी आधी विचारायची, "घरात माणसं किती?" मग विचारायची, "सकाळी घाई कुणाला असते?" आणि मग, "भांडी कोण घासतं?" तिसऱ्या प्रश्नाला बरेच नवरे छताकडे बघत. ती म्हणायची, "ज्याला घासायचंय त्याला घेऊन या, मग बोलू."

एकदा एक गृहस्थ सतरा सोयींचा ओव्हन घ्यायला आले. सोबत बायको होती. गृहस्थ पुस्तिका हातात घेऊन मोठ्याने वाचत होते. यात केक होतो, पाव भाजतो, कोंबडी फिरते, बर्फ वितळतो.

"पोरांचा अभ्यास घेतो का तेवढं बघा," बायको म्हणाली.

धाकटीने तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही रोज गरम काय काय करता?"

"दूध. आणि काल उरलेलं."

"मग दोन बटणांचा घ्या. बाकीची पंधरा तुम्ही नुसती पुसत बसाल."

मालक आतल्या काचेतून बघत होते आणि त्यांचा चेहरा आंबट झाला होता. पण त्यांनी तिला कधी हटकलं नाही, कारण तिने निवडून दिलेलं यंत्र परत येत नसे. 'हे चालत नाही, ते कळत नाही' म्हणून भांडायला येणारी माणसं दुसऱ्या विक्रेत्यांची असत.

विक्री झाली की ती घरी जाऊन शिकवायची. तिची एक रीत होती. ती यंत्राकडे पाठ करून उभी राहायची. मागे हात नेऊन बटणं दाबायची आणि डोळे समोरच्या माणसावर. मी एकदा विचारलं की असं का. म्हणाली, "दादा, यंत्र कुठे पळून चाललंय? बघायचं ते माणसाला. न समजलेलं माणूस आधी हसतं, मग मान हलवतं. समजलेलं माणूस प्रश्न विचारतं." तिच्या साऱ्या धंद्याचं सार एवढंच होतं. चेहरा वाचण्यात ती कधी चुकली नाही, आणि याचा तिला अभिमान होता. दुसऱ्या कशाचा तिने कधी धरला नाही.

आमच्या घरात दुकानातले जुने नमुने असत. ओरखडा पडलेला, खोका हरवलेला, रंग न खपलेला. त्यात एक मोठा फ्रिज होता, दार उघडं राहिलं की ओरडणारा. एका दुपारी मी आतल्या खोलीत पडलो होतो आणि तो ओरडू लागला. टीं, टीं, टीं. मला वाटलं, धाकटी बंद करेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी उठून गेलो, तर ती फ्रिजपासून हातभर अंतरावर उभी राहून बटाटे सोलत होती.

"अगं, दार उघडं आहे. केव्हाचं कोकलतंय."

"कोण कोकलतंय?"

"फ्रिज!"

ती फ्रिजकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून हसली आणि तिने मान हलवली.

डॉक्टरांनी कानांवर यंत्र लावून तपासलं. म्हणाले, बारीक, उंच आवाज गेले आहेत, ते परत यायचे नाहीत. माणसांचं बोलणं ऐकू येईल, थोडं पुसट, पण येईल. धाकटीने विचारलं, "आणि बीप?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. तिने कानात घालायचं यंत्र आठ दिवस वापरून पाहिलं. म्हणाली, डोक्यात कुणीतरी चमच्यांचा खण उपडा करतंय असं वाटतं. बीप ऐकू यायचा, पण तो शेगडीतून आला, फ्रिजमधून आला की रस्त्यावरच्या गाडीतून, ते कळायचं नाही. तिने ते परत केलं.

पूर्वी एवढं अडलं नसतं. पूर्वीच्या यंत्रांना खटके होते. फिरवलं की बोटाला टक लागायचं, कान नसले तरी चालायचं. आता सगळ्यावर गुळगुळीत काच आली. काचेला बोट लावलं आणि ते काचेने घेतलं की नाही, हे फक्त बीप सांगतो. एक बीप म्हणजे बटण घेतलं. तीन लांब म्हणजे काम झालं. सारखा बीप म्हणजे पातेलं चुकलं, नाहीतर दार नीट लागलं नाही. गिऱ्हाइकांना हे सगळं शिकवायचं ते धाकटीने, आणि तिच्यापुरतं सगळं जग मुकं झालं होतं.

"मालकांना सांग," मी म्हणालो.

"काय सांगू? यंत्राचं ऐकू न येणारी बाई यंत्र शिकवते? आंधळ्याने चष्म्याचं दुकान टाकल्यासारखं आहे ते."

मालक तोवर घरीच बसू लागले होते. दुकान त्यांचा जावई पाहत होता. तरुण माणूस, वागायला सभ्य. प्रत्येक डेमोनंतर तो गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून विचारायचा. त्याच्याकडे धाकटीबद्दल दोन तक्रारी आल्या. पहिली अशी, की शेगडी ओरडत होती आणि मॅडम आपल्या बोलतच होत्या. त्यानंतर तिने वळून दिवे बघायला सुरुवात केली. मग दुसरी आली. मॅडम सारख्या यंत्राकडेच बघत होत्या, आमच्याकडे लक्षच नव्हतं.

जावयाने तिला बोलावून सांगितलं, "मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण तिसरी आली तर मी तुम्हाला गोदामात पाठवीन. तिथे खोकी मोजायला माणूस हवाच आहे."

हे तिने मला हसत सांगितलं. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला उठली नाही. मी दोनदा हाक मारली, तर म्हणाली, "ऐकू आलं रे. तेवढं येतं अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, "दादा, तू माझ्याबरोबर येशील?"

"कुठे?"

"डेमोला. लोकांच्या घरी."

मला दूधवाल्याकडे सुटे पैसे मागणंही जिवावर येतं. लग्नाकार्यात मी चपलांशेजारी बसणारा माणूस. परक्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन मी काय करणार? पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी 'हो' म्हणालो.

जावयाला तिने सांगितलं की खांदा दुखतो, पातेल्यांची पिशवी उचलवत नाही, भाऊ उचलेल. तो म्हणाला, चालेल.

मग घरी तालीम सुरू झाली. ठरलं असं: ती यंत्राकडे पाठ करून उभी राहील, मी तिच्या समोर कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसेन. एक बीप झाला की मी चष्म्याला हात लावायचा. तीन लांब झाले की पिशवी खाली ठेवायची. सारखा वाजू लागला की उभं राहायचं. काही वाजलं नाही तर काही करायचं नाही.

"दादा, आत्ता चष्म्याला हात का लावलास? मी अजून दाबलंच नाही."

"घाम आला होता."

"घामाला बीप नसतो. रुमालाने पूस."

"रुमालाची खूण काय ठरलीय?"

"रुमालाची काही खूण नाही! रुमाल म्हणजे नुसता रुमाल!"

मग आम्ही दोघं हसलो, बऱ्याच दिवसांनी. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि तू घाबरलास तर?"

"नाही घाबरणार."

"घाबरशील. लहानपणापासून बघतेय तुला. घाबरलास की तू खांबासारखा ताठ होतोस, हात हलत नाही. तसं दिसलं तर मी समजेन की वाजलंय पण तुला सांगता येत नाहीये. मग मी अंदाजाने 'एक' म्हणेन. दहातल्या नऊ वेळा एकच असतो."

पहिल्या घरी नेमकं तसंच झालं. एका बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि 'आजोबा, नीट बसा' म्हणाल्या, तेवढ्याने माझे हात गोठले. शेगडी वाजली आणि मी खिळ्यासारखा बसलो. धाकटीने माझ्याकडे एक नजर टाकली आणि न थांबता म्हणाली, "बघा, एकदा वाजलं, म्हणजे बटण घेतलं." बरोबर होतं. दुसऱ्या घरी माझी एकच खूण चुकली. तिसऱ्या आणि चौथ्या घरी एकही चुकली नाही. बाहेर पडल्यावर ती माझा दंड धरून चालायची, जिने उतरताना तर घट्ट. म्हणायची, "दादा, आपलं जमलं." तिने ते दोनदा म्हटलं की मला कळायचं, तिला अजून खात्री नाही. मला तर एकदाही नव्हती. प्रत्येक घराच्या दारात घंटेचं बटण दाबण्याआधी मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचो. तरी मी मोजत होतो, अजून एक घर पार पडलं, अजून एक.

पाचव्या घरी जावई बरोबर आला. "सहज," म्हणाला, "बघावं म्हटलं."

घर नवं होतं. भिंतींना रंगाचा वास होता. नवराबायको दोघंही पंचविशीचे. सासू गावाहून आली होती आणि सुनेच्या मागे उभी राहून सगळं बघत होती. चार चुलींची काचेची इंडक्शन शेगडी बसवलेली. धाकटी शेगडीकडे पाठ करून उभी राहिली, मी समोर दाराजवळच्या स्टुलावर. जावई तिच्या बाजूला, ओट्याला टेकून.

"तुमच्याकडचं रोजचं पातेलं द्या," धाकटी सुनेला म्हणाली. सुनेने दिलं. त्यात पाणी घालून धाकटीने ते मागे ठेवलं, काचेला बोट लावलं आणि बोलू लागली. शेगडी सारखी वाजायला लागली. मी उभा राहिलो.

धाकटीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "ऐकलंत ना? ती म्हणतेय, हे पातेलं मला नको. अॅल्युमिनियम आहे. फ्रिजवर चिकटवायचा चुंबक आहे का घरात?" सासूने फ्रिजवरून चुंबक काढून दिला. धाकटीने तो पातेल्याला लावून दाखवला, घसरला. स्टीलच्या पातेल्याला लावला, चिकटला. "घरातल्या सगळ्या भांड्यांना हा लावून बघा. ज्यांना चिकटेल ती शेगडीची, बाकीची तुमची."

"म्हणजे माझी सगळी भांडी आता माळ्यावर जाणार," सासू म्हणाली.

"भांडी जातील. तुम्ही राहा म्हणजे झालं," सून म्हणाली, आणि तिघी हसल्या. नवरा हसला नाही, त्याला दोघींपैकी कुणाबरोबर हसावं ते कळलं नसावं.

मग सुनेने प्रश्न विचारले, एकापाठोपाठ एक. दूध उतू जाऊ नये म्हणून काय करायचं? घरात लहान मूल आलं तर ही काच लॉक कशी करायची? धाकटी फुलली होती. मी खुणा करत होतो आणि ती त्या अशा घेत होती, जणू कान तिचेच आहेत. मला भीती वाटेनाशी झाली. सांगायला संकोच वाटतो, पण मला त्या घरात बरं वाटत होतं.

तेवढ्यात जावई म्हणाला, "मॅडम, शेवटचं एक. बघा, मी बटण दाबतो. किती वाजलं आणि त्याचा अर्थ काय, तेवढं सांगा यांना."

मला स्पष्ट दिसत होतं. त्याने बोट काचेवर नेलं आणि काचेच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर धरून ठेवलं. टेकवलं नाही. काही वाजलं नाही.

काही वाजलं नाही, म्हणून मी काही केलं नाही. ठरलं होतं तसंच. त्या क्षणी मी घाबरलेलो नव्हतो, हे मी शपथेवर सांगेन. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांत मला नेमकं काय करायचं ते माहीत होतं, आणि ते मी करत होतो. स्वस्थ बसलो होतो.

धाकटीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. साठ वर्षं तो चेहरा तिच्या ओळखीचा. जावई माझ्याकडे बघतोय हेही तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आणि मी बघत असताना तिने ठरवलं.

"एक," ती म्हणाली. "एक म्हणजे बटण घेतलं."

सून हसली आणि तिने मान हलवली. सासूने सुनेकडे पाहिलं. नवऱ्याने शेगडीकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर 'वाजलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते माझ्या जिभेवर होते आणि तिथेच राहिले.

"बरोबर," जावई शांतपणे म्हणाला. "चला, येतो आम्ही."

खाली जिन्यात त्याने तिला थांबवलं. "मॅडम, मी बटण दाबलं नव्हतं."

धाकटीने जिन्याचा कठडा धरला.

"किती दिवसांपासून?"

"आठ महिने."

"उद्या एखाद्या घरी तुम्ही 'बंद झाली' म्हणालात आणि शेगडी चालूच असली तर? घरात म्हातारं माणूस असलं तर? लहान मूल असलं तर?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सगळ्यात वाईट तेच होतं. तो ओरडला असता, अपमान केला असता, तर आम्हाला घरी जाऊन त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने तिची पिशवी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. म्हणाला, सोमवारपासून गोदाम, पगार तोच राहील.

तीन दिवस तिने ओट्यावरचा ओव्हन, फ्रिज, मिक्सर सगळे पुसले, पुन्हा पुसले. चौथ्या दिवशी मी कपडे बदलून दुकानात गेलो. तिला सांगितलं नाही. जावयासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, जुन्या खटक्यांची यंत्रं अजून विकली जातात, तेवढी तरी तिला शिकवू द्या. त्याने मला खुर्ची दिली. "आजोबा, ती आता येतच नाहीत," म्हणाला. त्याने मला पूर्ण दुकान फिरवून दाखवलं. खरंच, सगळीकडे काच होती.

घरी आलो तर धाकटी टेबलाशी बसली होती. समोर चहा, न प्यालेला.

"दुकानात गेला होतास."

"हो."

"बोललास?"

"बोललो."

"नाही म्हणाला?"

"नाही म्हणाला."

तिने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "दादा, एक खरं सांग. त्या दिवशी, शेवटी, तू थिजला होतास ना? जावई तुझ्याकडे बघत होता म्हणून?"

तिचे हात टेबलावर होते. मी त्या हातांकडे बघून विचार केला. मी 'नाही, मी ठीक होतो, वाजलंच नव्हतं म्हणून बसलो होतो' असं म्हटलं, तर तिने माझा चेहरा चुकीचा वाचला असं होईल. जो चेहरा ती जन्मापासून बघत आली, तोच चुकला. कान तर गेलेच होते. मग तिच्याकडे उरलं काय?

"हो," मी म्हणालो. "थिजलो."

तिने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. "मला वाटलंच. तुझा चेहरा बघितला आणि मला कळलंच," ती म्हणाली. चहा गार झाला होता, तरी तिने तो पिऊन टाकला.

आता ती रोज सकाळी गोदामात जाते. उंच छपराची, खिडक्या नसलेली जागा आहे. एका टोकाला मालाची गाडी येते, दुसऱ्या टोकाने जाते. ती खोक्यांवरचे आकडे वहीत लिहिते. तिथे तिला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी परत आली की तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि एकेकाळी एका घरची गोष्ट ती मला तासभर सांगायची. तिच्या अंगावरचं मांस उतरलंय. परवा तिने केस विंचरणंही टाळलं. म्हणाली, कुणाला दाखवायचंय.

काही सकाळी तिचा तोल जातो. डबा भरता भरता ती एकदम थांबते आणि माझ्यावर उसळते. "तू नुसता नेहमीसारखा बसला असतास ना, तरी मला कळलं असतं! एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे!"

"हो गं," मी म्हणतो. "चुकलंच माझं."

ती डब्याचं झाकण लावते, पिशवी खांद्याला अडकवते आणि गोदामाकडे निघते.